गुठळीची परीक्षा जिल्हा रुग्णालयात कधी होणार?

सार्वजनिक आरोग्यावरची आपल्याकडील चर्चा बहुतेक वेळा मोजदादीपाशी येऊन थांबते. खाटा किती, डॉक्टरांची पदे किती, त्यातली रिक्त किती, रक्ताच्या पिशव्या किती. ही मोजदाद निरुपयोगी आहे असे मी म्हणणार नाही. तिच्याच आधारे गेल्या दोन दशकांत बरेच काही साध्य झाले. नमुना नोंदणी पाहणीनुसार २०१४-१६ या काळात दर लाख जिवंत जन्मांमागे १३० माता मृत्युमुखी पडत होत्या. २०१८-२० मध्ये तो आकडा ९७ वर आला. पण त्याच पाहणीत आसामचा आकडा १९५ होता आणि केरळचा १९, महाराष्ट्राचा ३३. एकाच देशातील दोन राज्यांत दहापट अंतर असेल, तर त्याचे स्पष्टीकरण केवळ खाटांच्या संख्येत सापडणार नाही. रक्तस्राव हे मातामृत्यूच्या प्रमुख कारणांपैकी एक आहे, आणि रक्तस्रावात निर्णायक ठरतो तो प्रश्न असा : या रुग्णाच्या रक्तात नेमकी उणीव कशाची आहे, आणि ती आपल्याला किती मिनिटांत कळते?

हा प्रश्न प्रयोगशाळेतील तपशिलाचा वाटेल. माझ्या मते तो धोरणाचा आहे, म्हणून त्यावर थोडे सविस्तर लिहीत आहे.

वाहत्या रक्ताची गुठळी होण्यासाठी तीन गोष्टींचा मेळ बसावा लागतो. रक्तद्रवातील घटक एकामागून एक सक्रिय व्हावे लागतात. त्यातून फायब्रिनोजेन या प्रथिनाचे तंतू विणले जावे लागतात. आणि रक्तबिंबिकांनी त्या जाळ्याला घट्टपणा द्यावा लागतो. चौथी गोष्ट म्हणजे तयार झालेली गुठळी वेळेआधी विरघळू नये. नेहमीच्या प्रयोगशाळेत जी चाचणी होते, म्हणजे प्रोथ्रॉम्बिन टाइम, ती अमेरिकी वैद्य आर्मंड क्विक यांनी १९३५ मध्ये मांडली. रक्त फिरवून पेशी खाली बसवायच्या, वरचा रक्तद्रव घ्यायचा, त्यात अभिक्रियाकारक घालायचा आणि पहिला तंतू दिसेपर्यंतचे सेकंद मोजायचे. चाचणी उत्तम आहे. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या घेणाऱ्यांसाठी तिला आजही पर्याय नाही. पण पहिला तंतू दिसला की ती संपते. गुठळी पुढे किती घट्ट झाली, टिकली की विरघळली, रक्तबिंबिकांनी आपले काम केले की नाही, यांबद्दल ती काहीच सांगत नाही. शिवाय नमुना प्रयोगशाळेत जाऊन उत्तर परत यायला पाऊण तास ते तास लागतो, अनेक ठिकाणी त्याहून अधिक. प्रसूतीनंतर जिचे रक्त वाहत आहे, तिच्या बाबतीत तासाभरापूर्वीचा अहवाल हा इतिहासाचा दस्तऐवज असतो.

या अडचणीवरचा उपाय नवा नाही. हायडेलबर्ग येथील हेल्मुट हार्टर्ट यांनी १९४८ मध्ये थ्रॉम्बइलॅस्टोग्राफी या पद्धतीचे वर्णन प्रसिद्ध केले. तिची रचना इतकी साधी आहे की शाळकरी मुलालाही कळावी. एका छोट्या कपात थोडेसे अख्खे रक्त घ्यायचे. कप पाच अंशांहूनही कमी कोनात, सावकाश, मागेपुढे फिरत राहतो. वरून तारेला लटकवलेली एक बारीक दांडी त्या रक्तात बुडवलेली असते. रक्त पातळ असेतोवर कप फिरतो, दांडी स्थिर राहते. तंतू धरू लागले की कप दांडीला आपल्याबरोबर ओढू लागतो. ती ओढ जितकी जास्त, तितकी गुठळी घट्ट. ही ओढ कागदावर उमटवली की एक आकृती मिळते : सुरुवातीला सरळ रेघ, मग दोन्ही बाजूंना फाकत जाणाऱ्या दोन रेषा आणि गुठळी विरघळू लागली तर पुन्हा एकमेकींकडे येणाऱ्या रेषा. सरळ रेघ लांबली तर रक्तद्रवातील घटक कमी. रेषा पुरेशा फाकल्या नाहीत तर फायब्रिनोजेन किंवा रक्तबिंबिका कमी. लवकर मिटल्या तर गुठळी विरघळते आहे. रोटेम या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीत कप स्थिर असतो आणि दांडी फिरते, इतकाच फरक. त्याच पद्धतीतील एका चाचणीत औषध घालून रक्तबिंबिकांचे काम थांबवले जाते. मग जी घट्टता उरते ती मुख्यतः फायब्रिनोजेनची. म्हणजे रक्तबिंबिका द्यायच्या की फायब्रिनोजेन, याचा पहिला अंदाज नमुना यंत्रात गेल्यापासून दहा-पंधरा मिनिटांत हाती येतो. अलीकडच्या यंत्रांत कप-दांडीही उरलेली नाही. बंद कार्ट्रिजमध्ये रक्त भरायचे आणि कंपनांच्या किंवा ध्वनिलहरींच्या साहाय्याने गुठळीचा ताठपणा मोजायचा.

या साऱ्या कुळाला विस्कोइलॅस्टिक चाचण्या म्हणतात. महानगरांतील यकृतप्रत्यारोपण आणि हृदयशस्त्रक्रिया करणाऱ्या मोठ्या रुग्णालयांत ही यंत्रे आता परिचयाची झाली आहेत. तिथून जिल्हा रुग्णालयाकडे निघालो की मात्र ती दिसेनाशी होतात. गंमत अशी की आणखी पुढे, प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत गेलो, तर हाच प्रश्न विचारणारी एक चाचणी पुन्हा भेटते. ती म्हणजे सर्पदंशासाठीची वीस मिनिटांची काचनळीची चाचणी.

घोणस आणि फुरसे यांच्या विषाने रक्तातील फायब्रिनोजेन खर्ची पडते आणि रक्त साकळेनासे होते. स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत रुग्णाचे दोनेक मिलिलिटर ताजे रक्त घ्यायचे, वीस मिनिटे हलवायचे नाही, मग नळी एकदा तिरपी करायची. रक्त ओघळले तर प्रतिविष द्यायचे. सहा तासांनी पुन्हा तपासायचे. राष्ट्रीय उपचार-मार्गदर्शिकेने ही चाचणी स्वीकारलेली आहे. मुळात हीसुद्धा अख्ख्या रक्ताची, घट्टपणा पाहणारी चाचणी आहे. आलेख काढण्याऐवजी इथे डोळा वापरतात. प्रसूतिशास्त्रातही जागतिक आरोग्य संघटनेच्या पुस्तिकेत तिचे भावंड आहे : काचनळीतले रक्त सात मिनिटांत साकळले नाही, तर रक्तगोठणीत बिघाड आहे असे समजावे.

भारतात २००० ते २०१९ या दोन दशकांत सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसे दगावली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, असा अंदाज मिलियन डेथ स्टडीच्या आधारे २०२० मध्ये मांडला गेला. केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये सर्पदंशविषयक राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला आणि २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट ठेवले. या आराखड्याच्या चर्चेत प्रतिविषाचा पुरवठा, प्रशिक्षण, नोंदणी हे सारे येते, आणि यायलाच हवे. पण काचेची नळी? रक्तसंकलनासाठी सगळीकडे प्लास्टिकच्या निर्वात नळ्या आल्या. त्या सुरक्षित आहेत, सोयीच्या आहेत, आणि या चाचणीसाठी कुचकामी आहेत. काचेचा पृष्ठभाग रक्त साकळण्याची प्रक्रिया सुरू करतो, प्लास्टिक तसे करत नाही. तीच काचेची नळी साबणाच्या पाण्याने धुतलेली असली, तरी उत्तर चुकू शकते. श्रीलंकेत घोणसदंशाच्या रुग्णांवर झालेल्या एका अभ्यासात, दैनंदिन कामकाजात ही चाचणी गोठणबिघाड असलेल्या रुग्णांपैकी केवळ ४० टक्केच ओळखू शकत होती. पुढे तिथेच काटेकोर पद्धत पाळून ती केली गेली, तेव्हा हे प्रमाण ८० टक्क्यांच्या वर गेले. नळी काचेचीच, रक्त तेच, फरक शिस्तीचा. आपल्या यंत्रखरेदीच्या उत्साहाला हा तपशील जरा खुपायला हवा.

तर चित्र असे आहे. एका टोकाला काही रुपयांची नळी, दुसऱ्या टोकाला लाखांचे यंत्र. मधल्या विस्तीर्ण प्रदेशात, जिथे अवघड प्रसूती, अपघातग्रस्त आणि रक्ताची उलटी करणारे यकृतरुग्ण पोहोचतात, तिथे रक्त वाहत असताना ते कसे साकळते आहे हे पाहण्याची व्यवस्था जवळजवळ नाही. आयसीएमआरने २०१९ मध्ये अत्यावश्यक निदानचाचण्यांची राष्ट्रीय यादी काढली, तीत पारंपरिक गोठणचाचण्या आहेत. पण यादीत चाचणी असणे आणि रात्री दोन वाजता तिचे उत्तर मिळणे यांत किती अंतर असते, हे जिल्ह्याच्या ठिकाणी काम केलेल्या कुणालाही ठाऊक असते.

मग प्रत्येक जिल्हा रुग्णालयात एकेक यंत्र बसवावे काय? इथे पुराव्याकडे थंड डोक्याने पाहिले पाहिजे, कारण यंत्राचे विक्रेते आणि त्यांचे टीकाकार दोघेही आपापल्या सोयीचा अर्धाच पुरावा सांगतात. कॉक्रेनच्या २०१६ च्या आढाव्यात १७ चाचणी-प्रयोगांतील सुमारे दीड हजार रुग्णांची माहिती एकत्र केली होती. यंत्राच्या आधारे रक्तघटक दिलेल्या गटात मृत्यू कमी दिसले, पण रुग्ण बहुतांशी हृदयशस्त्रक्रियेचे होते आणि पुराव्याचा दर्जा कनिष्ठ असल्याचे आढावाकारांनीच नोंदवले. ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेने २०१४ मध्ये हृदयशस्त्रक्रियेसाठी या चाचण्यांची शिफारस केली. अपघात आणि प्रसूतीतील रक्तस्रावासाठी पुरावा अपुरा ठरवला. अपघातग्रस्तांबाबत अमेरिकेतील डेन्व्हरच्या १११ रुग्णांच्या प्रयोगात जगण्याचे प्रमाण वाढल्याचे २०१६ मध्ये दिसले. युरोपातील ३९६ रुग्णांच्या मोठ्या प्रयोगाने २०२१ मध्ये एकूण परिणामांत फरक पडत नसल्याचे सांगितले. त्यात एक मेख आहे. त्या युरोपीय रुग्णालयांत तुलनेच्या गटालाही ठरावीक प्रमाणात सर्व रक्तघटक तातडीने मिळत होते. जिथे सगळेच हाताशी आहे, तिथे काय द्यावे हे सांगणाऱ्या यंत्राचा लाभ कमी दिसणारच.

आपल्याकडे सगळेच हाताशी नसते. म्हणून माझ्या दृष्टीने भारतासाठी सर्वांत बोलका पुरावा दिल्लीच्या ‘एम्स’मधला आहे. यकृत कठीण झालेल्या आणि अन्ननलिकेतील फुगलेल्या शिरांतून रक्तस्राव होणाऱ्या ६० रुग्णांवर तिथे प्रयोग झाला आणि २०२० मध्ये तो प्रसिद्ध झाला. पारंपरिक अहवालानुसार उपचार केलेल्या गटात प्रत्येकाला रक्तघटक द्यावे लागले. यंत्राच्या आलेखानुसार उपचार केलेल्या गटात जेमतेम १३ टक्क्यांना, आणि तरी रक्तस्राव आटोक्यात आणण्यात हा गट मागे पडला नाही. कारण असे की यकृताच्या आजारात गोठवणारे आणि गोठणे रोखणारे, असे दोन्ही घटक कमी होतात. तराजू हलका होतो, पण बराचसा समतोलात राहतो. प्रोथ्रॉम्बिन टाइम केवळ एक पारडे पाहतो आणि धोक्याची घंटा वाजवतो. मग पिशवीमागून पिशवी रक्तद्रव चढवला जातो. त्याने शिरांतला दाब वाढतो, फुप्फुसांवर ताण येतो आणि दुसऱ्या कुणासाठी असलेली पिशवी संपते. नवा जीव वाचवल्याची ग्वाही हे यंत्र फारशी देत नाही. रक्ताचा अपव्यय ते थांबवते, हे मात्र बऱ्यापैकी निश्चित आहे. स्वेच्छा रक्तदानाच्या शिबिरांवर आणि नातेवाइकांच्या धावपळीवर ज्या देशाची रक्तव्यवस्था चालते, तिथे हा लाभ दुय्यम मानता येणार नाही.

प्रसूतीच्या बाबतीत वेल्सचे उदाहरण अभ्यासण्याजोगे आहे. २०१७ पासून तेथील सर्व प्रसूतिविभागांत एक कार्यक्रम राबवला गेला. त्यात यंत्र होते, पण ते एकटे नव्हते. प्रत्येक प्रसूतीत सांडलेले रक्त अंदाजाने न सांगता प्रत्यक्ष मोजायचे. ठरावीक टप्पा ओलांडला की ठरलेल्या माणसांना बोलवायचे. त्याच वेळी नमुना यंत्रात घालायचा आणि फायब्रिनोजेनचा आकडा ठरावीक रेषेखाली असेल तरच ते द्यायचे. हा शेवटचा नियम महत्त्वाचा आहे. गरोदरपणाच्या अखेरीस स्त्रीच्या रक्तात फायब्रिनोजेन लिटरमागे चार ते सहा ग्रॅम असते. प्रयोगशाळेच्या छापील अहवालात दोन ग्रॅम ही ‘सामान्य’ मर्यादेतली संख्या असते. प्रसूतीनंतर रक्त वाहणाऱ्या स्त्रीच्या बाबतीत तीच संख्या गंभीर इशारा असते. कागदावरचा तारांकन नसलेला आकडा पाहून निर्धास्त झालेले डॉक्टर आणि दुसरीकडे काहीही न पाहता रक्तद्रव मागवणारे डॉक्टर, या दोघांसाठीही ही रेषा आवश्यक आहे. वेल्समध्ये मोठे रक्तस्राव आणि रक्त चढवण्याची गरज या दोन्हींत घट नोंदवली गेली. त्यातील किती श्रेय यंत्राचे आणि किती मोजमापाच्या शिस्तीचे, हे वेगळे काढणे अवघड आहे. माझा कौल शिस्तीकडे झुकतो.

ही शिस्त आपल्याला परकी नाही. सांडलेले रक्त मोजणारी खुणांची प्लास्टिक चादर बेळगावच्या वैद्यकीय महाविद्यालयातील संशोधनकार्यातून वीस वर्षांपूर्वीच पुढे आली. तिच्यासारख्याच चादरीचा वापर करणाऱ्या आफ्रिकेतील चार देशांच्या मोठ्या प्रयोगात, २०२३ मध्ये, तीव्र रक्तस्राव आणि त्याचे परिणाम ६० टक्क्यांनी घटल्याचे दिसले. केरळमध्ये २००४ पासून प्रत्येक मातामृत्यूची गोपनीय चिकित्सा होते. दोष कुणाचा हे न शोधता काय राहून गेले हे शोधले जाते. तेथील स्त्रीरोगतज्ज्ञांच्या महासंघाने आणि राज्य सरकारने ‘नाइस’च्या मदतीने प्रसूतिपश्चात रक्तस्रावाची मानके २०१३ च्या सुमारास तयार केली. आसाम आणि केरळ यांच्यातील अंतराचा एक भाग इथे आहे.

आता पैशाकडे येऊ. सरकारी खरेदी समित्यांच्या बैठकांना बसण्याचा मला जो काही अनुभव आहे, त्यावरून सांगतो : समिती यंत्राच्या किमतीवर तीन तास घासाघीस करते आणि कार्ट्रिजच्या किमतीवर तीन मिनिटे. प्रत्यक्षात यंत्र अल्प दरात, कधी फुकटही दिले जाते आणि पुरवठादाराची कमाई दर चाचणीमागे लागणाऱ्या साहित्यात असते. उत्तर भारतातील एका सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात मी असे यंत्र पाहिले. त्यावर पांढरे कापड पांघरलेले होते. यंत्र भांडवली तरतुदीतून आले होते, कार्ट्रिजसाठी महसुली तरतुदीत शीर्षकच नव्हते. पहिल्या वर्षी सोबत आलेल्या कार्ट्रिज संपल्या, उरलेल्यांची मुदत उलटली, प्रशिक्षित तंत्रज्ञाची बदली झाली. विभागप्रमुखांनी तीन वेळा पत्र लिहिल्याचे त्यांनी मला दाखवले. हा प्रकार अपवादात्मक नाही. केंद्र सरकारने २०१५ च्या सुमारास वैद्यकीय उपकरणांच्या देखभाल कार्यक्रमासाठी २९ राज्यांत पाहणी केली, तेव्हा २९ हजारांहून अधिक आरोग्य संस्थांतील साडेसात लाखांवर उपकरणांची नोंद झाली. राज्यागणिक त्यांतली १३ ते ३४ टक्के बंद होती.

आयुष्मान भारतसारख्या योजनांत शस्त्रक्रियेचा दर एकत्रित ठरलेला असतो. त्यात ही चाचणी केली तर खर्च रुग्णालयाचा. न केली तर जास्तीचा रक्तद्रव चढतो आणि त्याची खरी किंमत कुणाच्याच खात्यावर पडत नाही. औषध महानियंत्रकांनी २०२४ च्या जानेवारीत रक्त विकता येणार नाही, केवळ प्रक्रियाशुल्क, म्हणजे २५० ते १,५५० रुपये घेता येईल, असे पुन्हा बजावले. नैतिकदृष्ट्या ते योग्यच आहे. परंतु शुल्क इतके कमी असताना रक्ताची पिशवी हिशेबात स्वस्त आणि तिचा अपव्यय रोखणारी चाचणी महाग दिसते. पिशवीमागचे रक्तदात्याचे, शीतसाखळीचे आणि तपासणीचे मोल धरले तर हे गणित बदलते, पण ते धरण्याची पद्धत आपल्या लेखाशीर्षांत नाही.

आणि समजा, यंत्र बसले, कार्ट्रिजही मिळाल्या, आलेखाने फायब्रिनोजेन कमी असल्याचे दहा मिनिटांत सांगितले. मग पुढे? फायब्रिनोजेन देण्याचा परवडणारा मार्ग म्हणजे क्रायोप्रेसिपिटेट; ते उणे ३० अंश सेल्सिअसखाली साठवावे लागते आणि रक्ताचे घटक वेगळे करणाऱ्या रक्तकेंद्रातच तयार होते. अनेक प्रथम संदर्भ केंद्रांत केवळ रक्तसाठवणूक केंद्र असते, तिथे बहुधा तांबड्या पेशींच्या काही पिशव्या असतात. शुद्ध स्वरूपातील फायब्रिनोजेनची कुपी कोरडी, टिकाऊ आणि झटपट देता येणारी असते, पण महाग. ज्या फ्रीजरमध्ये क्रायो नाही त्याच्या शेजारी यंत्र बसवणे म्हणजे विहिरीत पाणी नाही हे मोजण्यासाठी महागडा दोर विकत घेणे होय.

म्हणून क्रम ठरवावा लागेल, आणि तो माझ्या मते असा असावा. ट्रॅनेक्झॅमिक आम्ल सर्वांत आधी आणि सर्वत्र. अपघातग्रस्तांवरील २०१० च्या आणि प्रसूत स्त्रियांवरील २०१७ च्या, प्रत्येकी वीस हजारांवर रुग्णांच्या प्रयोगांनी ते तीन तासांच्या आत दिल्यास रक्तस्रावाने होणारे मृत्यू घटतात हे दाखवले आहे, आणि त्यासाठी कोणताही आलेख लागत नाही. त्याच जोडीला मोजमापाची चादर आणि काचनळ्या. मग प्रत्येक जिल्ह्यात घटक विलगीकरण आणि क्रायोचा साठा. विस्कोइलॅस्टिक यंत्रे त्यानंतर, आणि सरसकट नव्हे : जिथे वर्षाला हजारो प्रसूती होतात, जिथे महामार्गावरचे अपघातग्रस्त पोहोचतात, जिथे यकृताचे आणि हृदयाचे रुग्ण दाखल होतात अशा मोठ्या सरकारी रुग्णालयांत. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. हे मृत्यू कोणत्या महामार्गांवर एकवटतात याचे नकाशे सरकारकडे आहेत, त्यामुळे ठिकाणे निवडणे अशक्य नाही.

निविदा यंत्राची न काढता दर चाचणीच्या अहवालाची काढावी. तीन किंवा पाच वर्षांचा दर, त्यात साहित्य, देखभाल, गुणवत्ता तपासणी आणि बदलून येणाऱ्या तंत्रज्ञांचे प्रशिक्षण अंतर्भूत. यंत्र बंद राहिले त्या दिवसांचे पैसे कापले जावेत. अनेक राज्यांच्या वैद्यकीय सेवा महामंडळांना डायलिसिस आणि सीटी स्कॅनच्या बाबतीत अशा कराराची सवय आहे. आलेखाचा अर्थ लावणारा एक पानी तक्ता, स्थानिक भाषेतील सूचनांसह, यंत्राशेजारी भिंतीवर असावा; रात्रपाळीच्या निवासी डॉक्टरला परिषदेतील व्याख्यानापेक्षा त्याचा उपयोग अधिक.

यातील बहुतेक गोष्टींना केंद्राच्या नव्या योजनेची गरज नाही. राज्यांचे पुढील वर्षाचे कृती आराखडे राष्ट्रीय आरोग्य अभियानाकडे जातात तेव्हा त्यांत सर्पदंशाच्या शीर्षकाखाली प्रतिविषाच्या कुप्यांची संख्या असते. त्याच ओळीखाली आणखी एक ओळ घालता येईल : नव्या, न वापरलेल्या काचेच्या नळ्या, प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रासाठी, पावसाळ्यापूर्वी पोहोचतील अशा बेताने.